मागच्या बाकावरचे दोघे

तपासनीस दाभाडेसाहेब शाळेत येणार म्हटलं की सगळ्याच मास्तरांना एक काळजी लागे. नानिवडेकर गुरुजींना आज दोन होत्या. सातवीतल्या हेमलतानं वर्षाचं गणित दिवाळीतच संपवलं होतं. तेव्हापासून गुरुजींनी तिला मागच्या बाकावर बसून आपली आपण भूमिती सोडवायची मुभा दिली होती. हे बरोबर केलं की चूक, ते गुरुजींचं त्यांनाच अजून ठरत नव्हतं.

साहेब नेमके त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि अहवाल लिहू लागले. गुरुजी फळ्यावर त्रैराशिक शिकवू लागले. अर्ध्या तासानं साहेब उठून कडाडले, "गुरुजी, ही पोरगी एकदाही फळ्याकडे बघत नाही! उद्यापासून हे लाड बंद. सगळ्यांबरोबर पुढे बसवा हिला."

हेमलता उठून उभी राहिली.

"साहेब, आपणही अर्धा तास मान खाली घालूनच लिहीत होता."

"अगं, मला त्रैराशिक येतं! येतंय तेच ऐकत बसलो, तर माझं काम कोण करणार?"

"माझंही अगदी तेच आहे, साहेब."

साहेबांनी फळ्यावरचं शेवटचं उदाहरण तिला विचारलं. त्यांचं वाचून व्हायच्या आत तिनं बरोबर उत्तर सांगितलं. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी जमिनीकडे.

"सरक गं थोडी," साहेब पुन्हा बाकावर टेकत म्हणाले. "माझा अहवाल राहिलाय, तुझी भूमिती राहिलीय. गुरुजी, तुमचं चालू द्या."