दोनशे उड्यांचा वळसा

नदी जिथे वळते तिथे एक खोल डोह होता. डोहाच्या वर जंगल होते आणि त्या जंगलाचा कारभार एक पंचायत पाहत असे. एक म्हातारा सांबर तिचा मुख्य पंच होता. मोजणी करणे, दवंडी देणे, नियम लक्षात ठेवणे ही कामे एका वानराकडे होती आणि तो ती मन लावून करी. मुलांनो, ही पंचायत वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. वाईट पंचायतीची गोष्ट सांगायला सोपी असते. ही तेवढी सोपी नाही.

डोहातून वर यायला दोन खडकांमधून एक अरुंद खिंड होती. खिंड चढून गेले की मऊ मातीचे एक टेकाड लागे. पूर कितीही मोठा आला तरी त्या टेकाडापर्यंत पाणी पोचत नसे. डोहातल्या कासविणी वर्षातून एकदा त्या खिंडीतून वर जात, टेकाडात खड्डा करून अंडी घालत, माती सारखी करत आणि परत फिरत. पुढे आवळ्याएवढी पिले मातीतून बाहेर येत आणि खिंडीच्या सावलीतून घसरत पाण्यात उतरत. टेकाडावर कुणाचे नाव लिहिलेले नव्हते, पण ते कासविणींचे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते.

टेकाडाच्या पलीकडे कुरण होते. एका पहाटे बिबट्या त्याच खिंडीतून वर आला आणि त्याने एका हरिणीचे पाडस नेले. हरिणी पंचायतीच्या वडाखाली येऊन उभी राहिली.  पंचांना तिचे दुःख पाहवले नाही आणि त्यांनी खिंड बंद करायचे ठरवले. मग खालून वर येणाऱ्यांनी कुठून यायचे, असे कुणीतरी विचारले. वानर तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने, कातळावरून एक फेरी मारून आला. दोनशे उड्यांचा तर वळसा आहे, आपल्याला दमही लागला नाही, असे त्याने सांगितले. सगळ्यांना ते पटले. रानगव्यांनी खिंडीत दगड लोटले आणि वर बोरीच्या काट्या रचल्या. ज्याची हरकत असेल त्याने तीन दिवसांत वडाखाली येऊन सांगावे, अशी दवंडी वानराने झाडाच्या शेंड्यावरून दिली. कासविणी त्या वेळी डोहाच्या तळाशी होत्या.

त्याच सकाळी एक कासवीण अंडी घालायला निघाली. त्या वर्षीची ती पहिलीच. खिंडीच्या तोंडाशी आली तर पुढे दगड. तिने डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. जवळच्या बिळात एक साळिंदर राहत असे. त्याने तिला सगळी हकीकत सांगितली आणि वर सल्लाही दिला. पंचायतीच्या नादी लागू नकोस, यंदाची अंडी इथेच काठच्या वाळूत घाल, असे तो म्हणाला. काठची वाळू पहिल्या पुरात वाहून जाते, हे त्यालाही माहीत होते. कासविणीने वडाखाली जाऊन हरकत सांगायचे ठरवले. वडाखाली जायची जुनी वाट खिंडीतूनच होती आणि ती बंद झालेली. तेव्हा हरकत सांगायला जायचे तेही वळशानेच. ती ओढ्याच्या दिशेने वळली.

पहिला दिवस ओढ्यातले गोटे चढण्यात गेला. एका गोट्यावरून ती उलटी पडली आणि सरळ व्हायला तिला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी कातळ सुरू झाला. उन्हाचे दिवस होते. दुपारी कातळ इतका तापे की पाय टेकवेना. मग एखाद्या दगडाच्या सावलीला थांबायचे आणि ऊन कलले की पुन्हा चालायचे. तिच्या पोटाखालची ढाल खरचटून पांढरी पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला अंडी आवरली नाहीत. जवळपास नखभर माती नव्हती. एका भेगेत तिने ती घातली. मागच्या पायांनी माती ओढायला गेली, पण ओढायला काही नव्हतेच. ती थोडा वेळ तिथे बसून राहिली. मग उठली आणि पुढे चालू लागली.

आता ती पुढे कशाला गेली, असे तुम्ही विचाराल. लहानपणी मलाही हाच प्रश्न पडला होता.

चौथ्या दिवशी सकाळी ती वडाखाली पोचली. पंचायत भरलेलीच होती. वानराने तिला पाहिले आणि जरा अवघडून म्हणाला, "मुदत काल मावळतीला संपली, बाई. नियम सगळ्यांना सारखा."

सांबरानेही मान हलवली. एकीचे उशिरा ऐकले तर उद्या प्रत्येकाचे ऐकावे लागेल, मग मुदतीला अर्थ काय राहिला, असे त्याने शांतपणे समजावले. बोलणे काही चुकीचे नव्हते. बाकीचे पंच दुसऱ्या कामाकडे वळूही लागले.

कासविणीने मान बाहेर काढली.

"मी उशिरा आले, हीच माझी हरकत आहे," ती म्हणाली.

पंच थांबले. सांबराने तिला नीट सांगायला सांगितले.

"दवंडी झाली त्याच सकाळी मी निघाले. तुम्ही दिलेल्या वाटेनेच आले. ऊन सोसेना तेव्हा तेवढी थांबले, एरवी चालतच होते. खिंड उघडी असती तर त्याच संध्याकाळी आपल्यापुढे उभी राहिले असते. दोनशे उड्यांचा वळसा आहे, हे खरं असेल. पण मला उडी मारता येत नाही."

वानराने खाली पाहिले.  सांबराने विचारले, की अंडी कुठे आहेत. वाटेत कातळावर घालावी लागली, असे तिने सांगितले. कातळावर अंड्यांचे काय होते, हे तिथे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग आता तू काय मागायला आलीस?" सांबर म्हणाला. 

"माझ्यासाठी काही नाही. डोहात अजून अकरा जणी आहेत. आज ना उद्या त्या निघतील. खिंड बंद दिसली की त्याही याच वाटेला लागतील."

सगळ्यांची नजर हरिणीकडे गेली. खिंड बंद केली होती ती तिच्यासाठी. तिने नाही म्हटले असते तर तिला दोष द्यायला कुणाची जीभ वळली नसती. ती पुढे आली आणि कासविणीजवळ उभी राहिली. कासविणीची पाठ तिच्या गुडघ्यालाही लागत नव्हती. हरिणीने मान खाली करून तिच्या पोटाखालच्या ढालीची खरचटलेली कड पाहिली.

"बिबट्या येईल एवढी वाट मला नको," हरिणी म्हणाली. "पण हिच्या पाठीएवढी फट राहू द्या. पिल्लू गेल्यावर काय होतं, ते मला कुणी सांगायला नको."

ठराव तिथल्या तिथे बदलला. रानगव्याने तळाचा एक दगड शिंगाने बाजूला सारला आणि समोरच्या काट्या ओढून घेतल्या. बस, काम एवढेच होते. दवंडीच्या आधी कुणी डोहाकाठी जाऊन विचारले असते, तर ते पहिल्याच दिवशी झाले असते. याचा मला अजून राग येतो.

कासविणी वळशाला लागल्या असतील तर त्यांना परत फिरवायला वानर ओढ्याकडून धावला. अर्ध्या कातळावर त्याला एक भेग दिसली. तो थांबला. मोजणीच्या दिवशी याच भेगेवरून तो उडी मारून गेला होता. आत अंडी होती, उन्हाने तडकलेली.

संध्याकाळी अकरा कासविणी एकामागून एक त्या फटीतून वर आल्या. हरिणी टेकाडाच्या टोकाला कान टवकारून उभी होती. पहिली कासवीण बाजूला थांबली, सगळ्या वर गेल्यावर फटीतून खाली उतरली आणि अंधार पडायच्या आत डोहात पोचली. वानर मात्र टेकाड आणि कातळ यांच्यामध्ये फेऱ्या घालत होता. दोन्ही मुठी मातीने भरलेल्या, त्यामुळे त्याला उड्या मारता येत नव्हत्या. तो चालत जात होता आणि भेगेत माती टाकत होता. त्या मातीतून काही बाहेर येणार नाही, हे त्याला माहीत होते. तरी भेग भरेपर्यंत तो थांबला नाही.

तात्पर्य : ज्याची वाट बदलायची, ती त्याच्याच पायांनी मोजावी, आणि दाद मागायला आलेल्याला उशीर का झाला, हे विचारल्याशिवाय त्याला परत पाठवू नये.