तेलाचे तीन बुधले

रेवदंड्याच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, तेल्यांमध्ये रिबकाबाई कधी शपथ घेत नसे, अगदी खरीसुद्धा. देवाला भांडणात ओढायचं नाही, हा तिचा नेम. तिच्या घाण्यावर तीळ गाळायला देणाऱ्या एलोजीशेठने नेमकं हेच हेरलं.

सिनेगॉगमध्ये, समाजाचे तंटे सोडवणाऱ्या काजींपुढे, तो गरजला, “माझ्या तिळांचं दहा बुधले तेल हिच्याकडे आहे!”

“तीनच आहे,” रिबकाबाई म्हणाली. “सात केव्हाच पोचवले.”

काजी खिन्न झाले. यहुदी शास्त्रात सगळंच नाकारणारा धर्मग्रंथावरच्या शपथेतून सुटतो. पण थोडं कबूल करून उरलेलं नाकारणाऱ्याला तो ग्रंथ, म्हणजे तोरा, हातात धरून शपथ घ्यावी लागते. नाही घेतली, तर सगळं भरावं लागतं.

“घे शपथ,” शेठ हसला, “नाहीतर तेलाच्या बदली घाण्याचा बैल सोड!”

रिबकाबाई बाहेर गेली आणि एकेक करून तीन बुधले आणून तिने त्याच्या पायाशी ठेवले.

“कबूल केलेलं हे घ्या. आता वादात उरलं ते मी सगळंच नाकारते. काजीसाहेब, तरी तोरा धरू?”

“नाही!” काजी ताडकन म्हणाले. “जागेवर देणाऱ्याला ती शपथ नाही.”

“ही सगळं ठरवून आली!” शेठ ओरडला.

“हो शेठ, तेल द्यायचं ठरवूनच आले. तुम्ही मात्र तेल मागायला आलात, आणि हमालाऐवजी बैलाचं दावं घेऊन आलात!”

सगळ्यांनी त्याच्या काखेकडे पाहिलं. दावं खरंच होतं. शेठ बुधले तिथेच टाकून निघाला.

रिबकाबाईने हात जोडले. “उपकार झाले, काजीसाहेब.”

“उपकार तुझेच, बाय,” काजी म्हणाले. “तीस वर्षं शपथा देतोय, दरवेळी देवाला भांडणात ओढतोय. आज एक वाचवलीस.”