शांतवनची एक हार

"मास्तर, एकदाच सांगा. मी मोठा की शांतवन?"

प्रणित वाकळेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दावीद मास्तर पट्ट्या गुंडाळत बसले होते. बॉक्सिंगची मुलं ग्लोव्हजच्या आत हाताला बांधतात त्या. सकाळी धुऊन वाळत घातल्या होत्या.

"कुणाला सांगायचंय?"

"मुंबईची माणसं पोस्टर छापतायत. त्यावर तुमचं एक वाक्य पाहिजे त्यांना. प्रणित शांतवनच्या पुढे गेला. बस्, एवढंच. खाली तुमचं नाव. त्याशिवाय ते मोठी लढत लावत नाहीत."

भिंगारच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघंही शिकले. आधी शांतवन पाटोळे, नंतर प्रणित. शांतवनला जाऊन दोन वर्षं झाली, काविळीनं गेला. पण अजून तिकडे एखादं पोर हात उगारायला लागलं की त्याची आई म्हणते, शांतवन झालास का रे?

"आकडे बघा की मास्तर," प्रणित म्हणाला. "त्याच्या सव्वीस लढती, एक हार. माझ्या चौदा, हार नाही. मी अकरा जण नॉकआऊट केले. त्यानं सव्वीसात किती? चार!"

"बरोबर आहे. हात तुझा त्याच्यापेक्षा जड आहे."

"मग?"

मास्तर पट्टी गुंडाळत राहिले...

कोपऱ्यात हमीद पिंजारी बसला होता. त्याचं गादीचं दुकान आहे. शेडमधली ठोसे मारायची बॅग फाटली की तोच येऊन भरून, शिवून देतो.

"हमीद," मास्तरांनी हाक मारली. "शांतवनला हरवणारा एकच माणूस. कोण रे तो?"

प्रणितनं वळून बघितलं. "तुम्ही? रेकॉर्डमधले ते हमीद शेख तुम्ही?"

"कागदावर मीच आहे." हमीदनं सुईत दोरा ओवला. एका झटक्यात. "पण खरं विचारशील तर मी हरलो होतो."

"असं कसं?"

"पाचवा राउंड. त्याचा डावा इथं बसला." हमीदनं फासळीखाली हात लावला. "आला कुठून, दिसलंच नाही. त्याचा ठोसा कधी दिसायचाच नाही, पैलवान. आणि पाय! फरशीवरून मांजर गेल्यासारखे. मग उजवा कानशिलात. माझे हात गळाले. उभा होतो, पण लहान पोरानं ढकललं असतं तरी पडलो असतो. एकच ठोसा बाकी होता."

"मग?"

"मारलाच नाही त्यानं. दोन पावलं मागं सरला आणि रेफरीला म्हणाला, थांबवा. रेफरी ऐकेना. लोक ओरडतायत, मार, मार! एकानं तर चप्पल फेकली. हा आपला हात खाली सोडून उभा. लढत नाही म्हणून रेफरीनं त्याचाच एक पॉइंट कापला. तेवढ्यात घंटा झाली आणि मी वाचलो."

"आणि शेवटी?"

"एका पॉइंटनं मी जिंकलो."

"वेडाच होता मग!"

"मीही तेच म्हणालो त्याला. तर म्हणतो, हमीदभाई, तुम्ही बघतच नव्हता. न बघणाऱ्या माणसाला मारायचं कसं?"

हमीदनं एक टाका घातला. मग हसला.

"माझी नात मला खोटारडा म्हणते. मी सांगतो, बेटा, शांतवननं मला हरवलं. ती कपाटावरचा कप दाखवते. म्हणते, मग हा काय, चोरून आणला?"

मास्तरही हसले. प्रणित नाही हसला.

"गोष्ट चांगली आहे, चाचा. पण पोस्टरवर गोष्टी छापत नाहीत."

"बरं," मास्तर म्हणाले. "शांतवनचं हमीदनं सांगितलं. तुझं तुझ्या चौदांपैकी कुणीतरी सांगू दे. तो तुझ्याबद्दल जे म्हणेल, तेच माझं वाक्य. खाली माझं नाव घाल."

"नक्की?"

"नक्की."

प्रणितनं लगेच फोन काढला. "गहिनीलाच लावतो. बीडचा गहिनीनाथ सानप. मागच्या महिन्यात दुसऱ्या राउंडला झोपवला. दोरीला टेकून नुसता उभा होता, वर आणखी तीन घातले तेव्हा कुठं पडला. पण माणूस दिलदार आहे. चांगलंच बोलेल."

सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्यानं स्पीकर चालू केला.

"हॅलो?" बाईचा आवाज. मागं तान्हं बाळ रडत होतं.

"गहिनी आहे का, वहिनी?"

"झोपलेत. खिडक्या लावून अंधार केलाय."

"दुपारचं?"

"उजेड सोसत नाही हो त्यांना. त्या लढतीपासून असंच आहे..." ती बाळाला थोपटत असावी. "काल बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं. तर मला विचारतात, कुणाचं आहे हे?"

प्रणितनं फोन जरा लांब धरला.

"डॉक्टर म्हणतात होईल हळूहळू. तुम्ही बॉक्सिंगमधलेच ना? तुम्हाला माहीत असेल. होतं ना हो माणूस बरं यातून?"

हमीदची सुई थांबली.

"हॅलो... कोण बोलतंय?"

प्रणितनं फोनवर तळहात दाबून धरला.

"मास्तर..." तो हळूच म्हणाला. "ठेवून देऊ?"

मास्तरांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"तुझं नाव सांग तिला."