धोंडाक्काचा खुंटा

एकदा काय झालं, एक होतं मोठं शहर. शहराच्या वेशीबाहेर एक डोंगर. त्याचा माथा सपाट, आणि माथ्यावर उभा असा नुसता दगडाचा सुळका. अजून आहे, बरं का. एसटीतून येताना शहराच्या आधी तो दिसतो. मग लोक म्हणतात, "खुंटा आला, पिशव्या काढा." शिकलेली माणसं म्हणतात, वाऱ्यापावसानं तो तसा झाला. म्हणू देत. ती काय तिथं होती? मीही नव्हते म्हणा, पण मला माझ्या आजीनं सांगितलंय, आणि ती खोटं बोलत नसे.

तर त्या डोंगरावर राहायची धोंडाक्का. जातीची राक्षसीण, पण पोटात माया. उभी राहिली की तिच्या अंबाड्यात ढग अडकायचे. डोंगर म्हणजे तिचं जातं. खाली डोंगर, त्याच्यावर शेताएवढा गोल दगड, आणि त्या दगडात ठोकलेला हा खुंटा. शहरात कुणाकडे जातं नव्हतंच. बायका सकाळी धान्याची टोपली घेऊन डोंगर चढायच्या आणि पीठ घेऊन उतरायच्या. सगळ्यात आधी पोचायची ठकू कुंभारीण. धोंडाक्का खुंट्याला हात घालायची, ठकू ओवी म्हणायची, आणि पीठ कसं, मऊसूत. अख्खं शहर त्या पिठावर जगायचं.

मग धोंडाक्काला मिळायचं काय? काही नाही. वर्षातून एक जेवण. नवं धान्य घरात आलं की शहरात मोठी पंगत बसायची. त्या दिवशी म्हातारा राजा स्वतः डोंगराच्या पायथ्याशी जायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "अक्का, जेवायला चला." मग वेशीबाहेर खळ्याएवढा पाट मांडायचा. अख्ख्या केळीच्या बागेची पानं शिवून पत्रावळ करायची. घराघरातून एकेक घास यायचा. सगळ्यात आधी तिला वाढायचं, मग राजाला. धोंडाक्का वर्षभर त्या एका हाकेची वाट बघायची. हसू नका. तुम्हाला कुणी जेवायला बोलावलं नाही म्हणजे कळेल.

पुढे म्हातारा राजा वारला. त्याचा मुलगा रत्नसेन गादीवर बसला. त्यानं नवा महाल बांधला, परदेशचे पाहुणे बोलावले. आणि पंगतीच्या दिवशी म्हणाला, "वेशीत राक्षसीण जेवायला बसलेली पाहुण्यांना दिसली तर लोक काय म्हणतील?" झालं. बोलावणं गेलंच नाही.

इकडे धोंडाक्का तळ्यात न्हाली. वेणीफणी केली. पायथ्याकडे बघत बसली. दुपार झाली. पुरणपोळ्यांचा वास वर आला. तिनंच दळलेली कणीक, बरं का. ती उन्हं कलेपर्यंत बसली, मग तशीच उपाशी आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकू टोपली घेऊन आली तर ही आपली खुंट्याला हात घालून तयार. मला तर अजून राग येतो. मी असते तर टोपलीसकट सगळं खाली भिरकावलं असतं.

दुसरं वर्ष आलं. या वेळी राजानं हत्तीवरून खरकटं पाठवलं. पाहुण्यांची पानं उचलून झाल्यावर जे उरलं ते. गार भात, अर्ध्या खाल्लेल्या पोळ्या. धोंडाक्कानं बघितलं, कावळ्यांना घातलं, आणि परत दळायला बसली. राजा म्हणाला, "बघा, चालतंय की तिला." असली माणसं असतात. समोरचा गप्प बसला की यांना वाटतं, बरं चाललंय.

मग तिसरं वर्ष आलं. राजाचा कारभारी पायथ्याशी आला आणि ओरडून म्हणाला, "राजाचं बोलावणं आहे. पाहुणे गेल्यावर ये. मागच्या बाजूनं ये, गोठ्यापाशी बस. आणि येताना राहिलेलं पीठ घेऊन ये."

धोंडाक्का उठली. ढग बाजूला झाले. ती म्हणाली, "माझं पीठ पुढच्या दारानं जातं. मी मागच्या दारानं यायचं होय? तुझ्या राजाला सांग, आजपासून दळण बंद." आणि शहराकडे पाठ करून बसली.

बरोबर केलं की नाही? अगदी बरोबर केलं.

मग राजाचा पारा चढला. म्हणाला, "जातं काय कुणीही फिरवील." त्यानं शहरातले सगळे हत्ती डोंगरावर चढवले. खुंट्याला साखळदंड बांधले. पाहुण्यांना समोर लोडाला टेकून बसवलं, पानं वाढून ठेवली. ठकू मध्ये गेली आणि म्हणाली, "महाराज, आधी दाणे घाला. रिकामं जातं फिरवू नये." आता हे तर परकरातल्या पोरीलाही ठाऊक असतं. पण राजा कधी जात्याशी बसलाय? त्याला वाटायचं, पीठ परातीत उगवतं. म्हणाला, "दाणे मागून घालू. आधी फिरलेलं पाहुण्यांना दिसू दे."

आणि हत्ती निघाले.

दगडावर दगड घासला. असा आवाज झाला की शहरातली तान्ही पोरं एकदम रडायला लागली. ठिणग्या उडाल्या. मग कच उडाली. भातात कच, तुपात कच, पाहुण्यांच्या दातांत कच. पाहुणे थू थू करत पळाले. आणि वरचा दगड तापून तापून फुटला. त्याचे तुकडे गडगडत खाली शहराच्या वेशीपर्यंत गेले. खुंटा तेवढा डोंगरात रुतून राहिला, तो अजून तिथंच आहे.

धोंडाक्कानं वळून बघितलं. तिचं जातं गेलं होतं. ती गुडघ्यात डोकं घालून बसली.

शहरात मग पीठ कुठलं? ठकूनं वेशीतले दोन तुकडे घरी नेले. टाकी-हातोडीनं ठोकून गोल केले, वरच्याला भोक पाडलं, घरापुरतं जातं केलं. तिचं बघून शेजारणींनी नेले. असं करता करता घरोघरी जातं झालं. सगळी आपापल्या घरी दळायला लागली.

आणि परत पंगतीचा दिवस आला. राजा म्हणाला, "आता ती दळत नाही. आता तिचं पान कशाला?"

ऐकलंत? दळत होती तेव्हा ती राक्षसीण म्हणून नको. आता दळत नाही म्हणून नको. याच्या जिभेला काही हाड?

पण या वेळी बायकांनी ऐकलं नाही. पोळ्या झाल्या होत्या, भात झाला होता. बायकांनी सगळं झाकून ठेवलं आणि चुलीपुढून उठल्या. राजा नुसत्या ताटापुढे बसून राहिला. आणि ठकू निघाली डोंगर चढायला.

धोंडाक्कानं तिला बघितलं आणि म्हणाली, "ठके, कशाला आलीस? आता माझ्याकडे पीठ नाही गं."

ठकू म्हणाली, "पिठाला नाही आले, अक्का. जेवायला चला."

धोंडाक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोंगरावरून ओढा वाहिला एवढं. मग ती उठली, न्हाली, वेणीफणी केली आणि पुढच्या रस्त्यानं चालत वेशीत आली. खळ्याएवढा पाट मांडलेला होता. वाढायला उभा कोण? राजा. बायकांनी तुपाचा हंडा त्याच्याच हातात दिला होता. वर बघून बघून त्याची मान अवघडली. पण "अक्का, अजून थोडं घ्या" म्हणाला. आधी ती जेवली, मग सगळे जेवले. पुढे दरवर्षी तसंच झालं. धोंडाक्का सुखात राहिली, शहर सुखात राहिलं, राजालाही हळूहळू अक्कल आली.

संपली गोष्ट. पांघरूण काय ओढताय? उठा आधी. तुमची आई अजून ओट्याशी उभी आहे. सगळ्यांना वाढलं, तिला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. जा, तिचा हात धरा आणि म्हणा, आई, जेवायला चल. तिचं ताट तुम्ही वाढा. ती जेवली की या, आणि मग खुशाल झोपा.