धुरपतेची आंच

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते मलाही कुणी सांगितलेलं नाही, रसगिरी नावाच्या डोंगरावर किमयेची एक शाळा होती. तिथे तांब्याचं भस्म व्हायचं, भस्माचं औषध व्हायचं आणि नशिबात असेल तर शिशाचं सोनंही व्हायचं, असं म्हणतात. ते सोनं पाहिलेला माणूस मात्र कुणाला भेटलेला नाही.

त्या डोंगरावर दोन तऱ्हेची माणसं राहत. वर माचीकर, खाली पायथेकर. माचीकर पोथ्या वाचत. पायथेकर गोवऱ्या थापत, खल घोटत, भाते ओढत. पायथेकराची सावली अंगावर पडली की माचीकराची विद्या उतरते, अशी समजूत होती. आता सावली पडते उन्हात. म्हणून या शहाण्यांनी उन्हात यायचंच सोडून दिलं. जाडजूड भिंतींच्या दालनात, समयांच्या उजेडात त्यांचं सगळं चाले. पोथीत लिहिलं होतं की तयार भस्म उन्हात धरून पाहावं, चमकलं तर ते कच्चं, म्हणजे विष. पण समई हीसुद्धा सूर्याचीच लेक, असं म्हणून ते समईपुढेच पाहत आणि माना डोलावत.

भट्टी दालनात होती आणि भाते बाहेर, उघड्या अंगणात. मध्ये भिंत, भिंतीतून एक मातीची नळी. पायथेकरानं वारा द्यायचा, पण मूस, म्हणजे धातू तापवायचं मातीचं भांडं, डोळ्यांनी बघायची नाही, असा नियम होता. आतून घंटा वाजली की भाता थांबवायचा.

मोठ्या भात्यावर धुरपता नावाची बाई तीस वर्षं बसत होती. तिनं आतली मूस कधी पाहिली नव्हती, पण नळीतून ती ऐकली होती. तांबं तापलं की मूस आधी खदखदते, मग गुणगुणते आणि भस्म पिकलं की गप्प होते. हे पोथीत नव्हतं. ते फक्त धुरपतेच्या कानात होतं.

एका वर्षी राजाच्या पोटात शूळ उठला. औषध शाळेनं करायचं, पण राजाच्या आधी ते एका पायथेकरानं चाखायचं, ही तिथली रीत. घरांची पाळी ठरलेली असे. चाखणारा तीन दिवस जगला तर औषध राजाकडे जाणार. त्या वर्षी सहा जणांनी चाखलं आणि सहाही जण गेले. दर वेळी शाळेचे मुख्य, विश्वंभराचार्य, सांगत की पायथ्याच्या रक्ताला एवढं उंची औषध सोसत नाही. आणि पुन्हा भट्टी पेटे.

सहाही वेळा घंटा वाजली तेव्हा मूस गुणगुणत होती. धुरपतेनं ते ऐकलं होतं आणि ती गप्प बसली होती. भातेवालीला कोण विचारतंय, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली होती.

सातवी पाळी तिच्या घराची आली. घरात दोघीच, ती आणि तिची लेक तुळसा. मोठा भाता धुरपतेशिवाय चालत नसे, म्हणून चाखायचं तुळसेनं.

त्या दिवशी घंटा वाजली. धुरपतेनं नळीला कान लावला. मूस गुणगुणतच होती. नळीत तोंड घालून ती ओरडली, "म्हाराज, थांबा! मूस आजून बोलतीया. कच्चं हाय त्ये. आजून एक आंच द्या!"

आतून आचार्यांचा आवाज आला, "भातेवालीनं आम्हाला रसविद्या शिकवू नये. भाता थांबव."

तेवढ्यात पायऱ्यांवरून तुळसेला नेताना दिसलं. न्हाऊमाखू घातलेली, नवं लुगडं नेसलेली, कपाळभर हळद. पोरीनं एकदाच वळून आईकडे पाहिलं आणि ती दारातून आत गेली.

धुरपता उठली. खरं सांगायचं तर सातवी तिच्या पोटची नसती तर ती उठली असती का, हे कुणाला सांगता येत नाही. तिलाही ते कधी सांगता आलं नाही.

चाखणाऱ्याखेरीज कुणी पायथेकर ते दार ओलांडत नसे. दारात दोन माचीकर भालेवाले उभे होते. पण सूर्य धुरपतेच्या पाठीशी होता आणि तिची सावली तिच्या पुढे चालत होती. ती सावली भालेवाल्यांच्या पायांशी आली आणि दोघेही चटका बसल्यासारखे बाजूला सरले. मग ती लांबत गेली, दालनभर पसरली, समोरच्या भिंतीवर चढली, असं म्हणतात. माचीकर पोथ्या छातीशी धरून कोपऱ्यांत दडले. धुरपतेच्या अंगाला कुणी हात लावायला धजेना.

विश्वंभराचार्य समईपुढे उभे होते. भस्माची चिमूट त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरली होती. तुळसा समोर हात पसरून उभी. धुरपतेनं थेट आचार्यांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत अंगणात, भर उन्हात आणलं.

चिमूट चमकली. बोटांवरून सहा ठिणग्या उठल्या आणि आचार्यांच्या तोंडासमोर थरथरत राहिल्या, असं म्हणतात.

"तुझ्या हातानं बाटलं ते!" आचार्य म्हणाले.

"बरं. मंग थाळीतलं आना. त्याला तर म्या शिवले न्हाई."

थाळी आणायला कुणी माचीकर पुढे येईना. तेव्हा तुळसाच आत गेली आणि थाळी घेऊन उन्हात आली. थाळीतलं भस्म मासळीच्या खवल्यांसारखं लखलखत होतं. आचार्यांनी चाळीस वर्षांत ऊन पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी नजर काढली नाही. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, "आणखी एक आंच द्या."

भट्टी पुन्हा पेटली. धुरपता भात्यावर बसली. दिवस कलायला आला होता आणि ऊन गेलं तर भस्माची पारख व्हायची नव्हती. तिचे खांदे भरून आले, तळहात फुटले, पण तिनं भाता सोडला नाही. त्या दिवशी सूर्य डोंगराच्या कडेवर थबकून तिच्यासाठी थांबला, असं म्हणतात. अखेर तिनं नळीला कान लावला. मूस गप्प झाली होती. घंटा वाजायची वाट न पाहता तिनं भाता थांबवला.

आचार्यांनी स्वतः भस्म बाहेर आणलं. उन्हात ते काळंभोर दिसलं, एक कण चमकला नाही. रीतीप्रमाणे तुळसेनं हात पुढे केला.

धुरपतेनं तो मागे ओढला. "ती न्हाई. ज्यांनी केलंय त्यांनी आदी खायाचं. वारा म्या दिला, पोथी तुमी वाचली. आर्दं मला, आर्दं तुमाला."

आचार्यांनी थाळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि त्यांनी हात पुढे केला.

दोघांनी ते मधातून चाटलं आणि दोघं भात्याशेजारच्या एकाच ओट्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आचार्य म्हणाले, "ते सहा जण. त्यांची नावं काय होती?"

ती म्हणाली, "धोंडी. ठकू. गेनबा. साळू. येसा. बायजा."

आचार्यांनी ती नावं पुन्हा म्हणून पाहिली. साळूला ते अडखळले, तेव्हा तिनं परत सांगितलं. तिसरा दिवस मावळला आणि दोघंही जिवंत होती. मग औषध राजाकडे गेलं.

आजही रसगिरीच्या आसपासच्या गावांत वैद्य घंटेनंतर भट्टीला आणखी एक आंच देतात. तिला धुरपतेची आंच म्हणतात. मग भस्म उन्हात आणतात, सहा नावं घेतात आणि रोग्याच्या आधी स्वतः जिभेवर ठेवतात. त्या नावांत सातवं नाव धुरपतेचं घालावं, असं आचार्यांच्या फार मनात होतं. पण तिनं ते घालू दिलं नाही.

"माझं नाव नगं," ती म्हणाली. "सहाही येळा मूस बोलताना म्या ऐकली व्हती."