भिंती न टिकणारा मुलूख

एका राज्यात सात नद्या होत्या, तरी राजधानीला पाणी पुरत नव्हते. म्हणून राजाने तळे करायचे ठरवले. दरबारच्या मांत्रिकांनी तीन दिवस मंत्र म्हटले. तिसऱ्या दिवशी दोन डोंगर एकमेकांकडे सरकले, एका खोऱ्याचे तोंड बंद झाले आणि पाणी चढू लागले. त्या खोऱ्यात तांबटांचे एक गाव होते.

राजा दुष्ट नव्हता. तो हत्तीवरून उतरून पायी पाण्याच्या काठाशी आला आणि प्रत्येक कुटुंबाच्या हाती त्याने तांब्याची एकेक मुद्रा ठेवली.

"ही जिथे जमिनीवर ठेवाल आणि ज्याचे नाव घ्याल," राजा म्हणाला, "ती जागा त्या माणसाची. माझाही हक्क तिच्यावर चालणार नाही. पण ठेवलेली मुद्रा पुन्हा उचलता येत नाही. विचार करून ठेवा."

त्या गावात रायाजी तांबट राहत होता. घरात चार माणसे. तो, त्याची बायको सुंद्रा, नऊ वर्षांची मुलगी ठकू आणि डोळ्यांनी अधू झालेले वडील आबाजी. पाचवा मुरार. तो अकरा महिने जगला आणि गेला, त्याला दोन वर्षे झाली होती. त्याला गावाबाहेर चिंचेखाली पुरले होते. गाव सोडायच्या दिवशी सुंद्रा त्या चिंचेखाली बसून राहिली. पाणी घोट्यांना लागले तेव्हा ती उठली आणि गाडीत येऊन बसली. मुरार गेल्यापासून ती हसली नव्हती.

बरेच लोक पहिल्याच मोकळ्या माळावर मुद्रा ठेवून मोकळे झाले. रायाजी म्हणाला, "एकदाच ठेवायची आहे. बघून ठेवू."

वाट दाखवायला राजाने त्यांच्याबरोबर एक टिटवी दिली होती. ती बैलाच्या शिंगावर बसली आणि म्हणाली, "तीन मुलूख मला ठाऊक आहेत. प्रत्येक ठिकाणी तीन दिवस राहा. कुठला निवडायचा, ते मात्र मला विचारू नका."

"का गं?" ठकूने विचारले.

"मी उघड्या माळावर खड्यांत अंडी घालते, मुली. माझा सल्ला तुमच्या कामाचा नाही."

पहिला मुलूख म्हणजे एक नगर होते. कुण्या मांत्रिकाने ते एका श्वासात उभे केले होते आणि दुसऱ्या श्वासात तो निघून गेला होता. सात-सात मजली घरे, सगळी उघडी, सगळी रिकामी. टाळी वाजवली की चूल पेटायची. पानावर बसले की भात वाढलेला असायचा, वर साजूक तूप. पहिल्या दिवशी ठकू साऱ्या जिन्यांवरून धावली. दुसऱ्या दिवशी ती रस्त्यात उभी राहून हाका मारू लागली, आणि तिच्याच हाका परत येऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी रायाजीने ऐरण मांडली आणि तांब्याचा पत्रा घेतला. त्याने हातोडा उचलला मात्र, खाली यायच्या आत पत्र्याचा हंडा झाला. लखलखीत, एकही ठोका नसलेला. त्याने दुसरा पत्रा घेतला. त्याचाही झाला. रायाजीने हातोडा खाली ठेवला.

"इथे माझी गरज नाही," तो म्हणाला.

आबाजी ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "मी सकाळपासून कान लावून बसलोय. कुणी साधं खोकलंसुद्धा नाही रे."

त्यांनी गाडी जुंपली.

दुसरा मुलूख नदीकाठी होता. मऊ काळी माती, पेरलेले आठवड्यात पिकायचे. झाडांना पांढरी फुले होती आणि त्यांचा वास सगळीकडे भरून राहिला होता. माणसे हसतमुख. गाडी थांबते न थांबते तोच शेजारणी ताक घेऊन आल्या. ठकूला झोका मिळाला, आबाजींना गप्पांना सोबती मिळाले. रायाजीच्या हातोड्याखाली पत्रा पत्र्यासारखा वागू लागला.

आणि दुसऱ्या दिवशी सुंद्रा हसली. शेजारणीने काहीतरी सांगितले आणि ती पदर तोंडाला लावून, खांदे हलवून हसली. रायाजीचा हातोडा वरच्या वर थांबला. हा आवाज आपण किती दिवस ऐकला नव्हता, ते त्याला तेव्हा कळले. त्याने मनाशी ठरवले, हीच जागा.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मुद्रा बाहेर काढून घासली. तेवढ्यात आबाजी म्हणाले, "रायाजी, तुझ्या आईचं नाव काय रे? उठल्यापासून आठवतोय."

रायाजीने तोंड उघडले. नाव आले नाही. हातातले तांबे त्याने घट्ट धरले, तेव्हा कुठे बऱ्याच वेळाने ते ओठांवर आले. तो शेजाऱ्याकडे गेला.

"दादा, तुम्ही मूळचे कुठले?"

"मूळचे?" शेजारी गोड हसला. हा शब्द त्याने कधी ऐकलाच नसावा.

"झाडांचा वास आहे तो," टिटवी गाडीच्या दांडीवरून म्हणाली. "जे दुखतं ते आधी जातं. मग बाकीचं."

रायाजी परत आला तेव्हा सुंद्रा झाडाखाली बसली होती. तिचा उजवा हात पुढे-मागे होत होता, पाळण्याची दोरी ओढल्यासारखा. दोरी नव्हती, पाळणाही नव्हता. ती आपल्याच हाताकडे पाहून हसत होती.

"बघा ना," ती म्हणाली, "थांबतच नाही. कसली सवय म्हणायची ही?"

रायाजी तिथून निघाला. नदीवर जाऊन मुद्रा मांडीवर ठेवून बसला. ही इथे ठेवली तर सुंद्रा जन्मभर अशीच हसेल. तिला ठाऊकही होणार नाही. आणि मुरारचे नाव उद्या-परवा आपल्याही मनातून जाईल, म्हणजे आपल्यालाही काही वाटणार नाही. तो दुपारभर बसला. मग उठला आणि तिच्यासमोर जाऊन बसला.

"सुंद्रा, आपल्याला एक मुलगा होता."

तिचा हात थांबला.

"मुरार त्याचं नाव. अकरा महिन्यांचा होऊन गेला. चिंचेखाली ठेवला आपण त्याला."

मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि पूर्वीचा झाला. रायाजीला वाटले, आपण हे काय केले.

"हे सांगायला तुम्हाला किती वेळ लागला?" तिने विचारले.

"दुपारभर."

"मी हसत होते म्हणून?"

"हो. इथे राहिलीस तर तुला दुखणार नाही, सुंद्रा. तू म्हणशील तर आत्ता मुद्रा ठेवतो."

"दुखू दे," ती म्हणाली. "गाव पाण्याखाली गेलं. चिंच गेली. माझ्याशिवाय आता कुठे जागा आहे त्याला?"

ती उठली आणि भांडी गाडीत भरू लागली.

तिसरा मुलूख उंचावरचा होता. खडकाळ जमीन, मधोमध एक विहीर, पाणी साखरेसारखे गोड. चाळीस कुटुंबे पाले ठोकून राहत होती. दगड मुबलक होता, तरी एकही भिंत नव्हती. हौसाई नावाची म्हातारी त्यांची पाटलीण. तिने गाडीपुढे येऊन बैलांची तोंडे कुरवाळली.

"या. राहायला जागा आहे, पाणी आहे," ती म्हणाली. "भिंत मात्र राहायची नाही. सूर्य बुडाला की खाली बसते."

रायाजीला खरे वाटेना. त्याने दिवसभर खपून कमरेएवढी भिंत रचली. सूर्य बुडाला आणि ती भिंत थकलेल्या म्हशीसारखी जागच्या जागी बसली.

मग हौसाईने सांगितले. तीनशे वर्षांपूर्वी भस्मांग नावाचा मांत्रिक बायकोला घेऊन इथे आला होता. त्याच्या देशात दुष्काळ पडला होता. त्याने इथे राहायला जागा मागितली. चाळीस घरे होती, चाळीसही दारांतून 'पुढे जा' असेच उत्तर आले. त्याची बायको वाटेवरच मेली. त्याने शाप दिला आणि रागाने तो स्वतःच कमरेपर्यंत दगड होऊन वेशीवर उभा राहिला.

"त्या चाळीस दारांच्या आत आमचेच पूर्वज होते," हौसाई म्हणाली. "आम्ही त्याची पुष्कळ विनवणी केली. पूजा मांडल्या. तो बोलत नाही."

तरीही त्या दिवसांत ते तिथे रुळू लागले. रायाजीपुढे पोचे आलेल्या हंड्यांची रास लागली. ठकूची एका मुलीशी दोनदा भांडणे झाली आणि दोनदा गट्टी झाली. आबाजी पालाच्या तोंडाशी बसून, कोण खोकतोय, कोण भांडतोय, कुणाचे मूल रडतेय, ते एकेक ओळखू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. पण रायाजी रात्रंदिवस एकच विचार करत होता. या उंचावरच्या वाऱ्यात, भिंतीविना, म्हातारा माणूस किती हिवाळे काढील?

तिसऱ्या दिवशी सकाळी सुंद्रा घागर भरून वेशीवर गेली. दगडी माणूस उन्हात उभा होता. तिने आधी त्याला पाणी पाजले. मग विचारले, "तुमच्या बायकोचं नाव काय?"

त्याने तिच्याकडे पाहिले. मग त्याचे ओठ हलले.

"केतकी. शाप मागे घे, असं सगळे म्हणाले. तिचं नाव तीनशे वर्षांत कुणी विचारलं नाही."

"त्या कुठे गेल्या?"

त्याने वाटेच्या कडेला बोट दाखवले. तेवढ्या तुकड्यावर गवताची काडी नव्हती.

"त्यांना पुरलं कुणी?"

"मी दगड झालो होतो. वाऱ्याने पुरलं."

"शाप मागे घेता येतो?"

"तो आता माझ्या हाती नाही, बाई. तिला इथे जागा नाही, तोवर कुणालाच नाही."

सुंद्रा परत आली तेव्हा सगळे विहिरीपाशी होते. तिने ऐकलेले सगळे सांगितले आणि नवऱ्यापुढे हात केला. "मुद्रा द्या."

रायाजीला तिच्या मनातले कळले. "एकच आहे, सुंद्रा."

"ठाऊक आहे."

"ती तिच्या नावाने ठेवली की राजाच्या राज्यात आपली म्हणून कुठेही जागा नाही."

"अहो, तिला तर मेल्यावरही नाही मिळाली."

रायाजीने वडिलांकडे पाहिले. आबाजी म्हणाले, "देऊन टाक रे. एक जागा सोडून आलोच ना आपण? कशी सोडायची ते येतं आता आपल्याला."

रायाजीने मुद्रा तिच्या तळहातावर ठेवली. सगळी वस्ती मागोमाग वेशीपर्यंत गेली. सुंद्राने त्या उजाड तुकड्यावर गुडघे टेकले, माती हाताने सारखी केली आणि मुद्रा ठेवली.

"ही जागा केतकीची," ती म्हणाली. "इथून तिला कुणी पुढे जा म्हणणार नाही."

तांबे पाण्यासारखे मातीत मुरले. भस्मांगाच्या कमरेला तडा गेला, दगड गळून पडला आणि आतून एक थकलेला म्हातारा बाहेर आला. तो चार पावले चालला, त्या तुकड्याच्या कडेला बसला आणि त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिथे मूठभर राख होती. हौसाईने ती गोळा करून केतकीच्या मातीत मिसळली.

मग हौसाई मागे वळली. "जागा आता आम्ही द्यायची," ती आपल्या माणसांना म्हणाली. "सरका सगळे एकेक पाऊल."

चाळीस कुटुंबांनी पालांच्या खुंट्या उपटल्या आणि सगळी एकेक पाऊल बाहेर सरकली. विहिरीजवळ, अगदी मधोमध, एका घरापुरती जागा मोकळी झाली. टिटवी हे पाहून उडाली आणि थेट राजाकडे गेली. राजाने पुढे माळावर बसलेल्या इतर तांबटांनाही तिकडे जायची वाट खुली केली. पण ते नंतर.

त्या दिवशी सगळ्यांनी मिळून रायाजीच्या घराची पहिली भिंत रचली. दुपार कलली तशी कामे थांबली. माणसे दूर जाऊन बसली, कारण भिंत कशी बसते ते त्यांना ठाऊक होते. आयांनी मुलांना जवळ ओढले. सूर्य टेकला. अर्धा बुडाला. पुरा बुडाला. आकाश आधी तांबडे झाले, मग राखाडी. भिंत उभी होती. कुणी जवळ जाईना.

शेवटी हौसाई उठली. सत्तर वर्षांच्या आयुष्यात सूर्य बुडाल्यावर उभ्या असलेल्या एकाही भिंतीला तिने स्पर्श केला नव्हता. तिने आधी एक बोट लावले, मग तळवा. मग ती वळली, हळूच भिंतीशी बसली आणि पाठ टेकू लागली. आधी थोडी. मग सगळा भार टाकून. तिने डोळे मिटले आणि तशीच बसून राहिली.