गेनू गुरवाची सनई

एक होता राजा. त्याला एकच लेक, चंद्रावळ. तिची आई आंधळी. पहाटे देवळात गेनू गुरवाची सनई वाजली, की आई म्हणायची, "उजाडलं." मग उठायची, तोंड धुवायची, दोन घास खायची.

एकदा काय झालं, एका गोसाव्यानं घरोघरी शंख वाटले. जादूचे, बरं का. एका शंखात बोललं की साऱ्या शंखांतून ऐकू यायचं. तुमच्या मोबाइलसारखंच. आवाज मात्र सगळ्यांचा सारखा. कोण बोललं, कळायचं नाही. मग काय, जिभेला हाड उरलं नाही.

एक दिवस चंद्रावळीनं गेनूला वाजवताना पाहिलं. गाल टम्म फुगलेले. तिला हसू फुटलं. शंखात म्हणाली, "गेनू बेडूक!" मग दुसरा म्हणाला, "जा की डबक्यात!" मग तिसरा म्हणाला, "डराव!" घरोघर नुसतं डराव डराव.

दुसऱ्या दिवशी सनई वाजली नाही. आई उठली नाही. "चंद्रा, आज रात्र किती लांबली गं!" ऊन अंगावर आलं तरी तिला पटेना. घास घेईना.

 चंद्रावळीनं गेनूकडे मोत्यांचा कंठा पाठवला. तो तसाच परत आला. मग ती शंखात म्हणाली, "गेनूदादा, चुकलं." तर गाव खिदळलं, "बेडकाला दादा म्हणतंय कोण?" मग मात्र ती अनवाणी त्याच्या दारात गेली.

"ते मी बोलले, गेनूदादा. मी."

गेनूनं मान वर केली नाही. "ताईसाहेब, माझी धाकटी पोर विचारते, बाबा, तुम्ही खरंच बेडूक का? काय सांगू तिला?"

पोर दाराआडून बघत होती. खाली बसून चंद्रावळीनं त्या पोरीचे पाय धरले. म्हणाली, "माझी आई उपाशी आहे."

गेनू उठला. "आईसाहेबांनी माझं काय वाईट केलंय?"

सनई वाजली. आई जेवली. राजानं दवंडी पिटली, शंखात बोलायचं तर आधी आपलं नाव सांगायचं. गाव शहाणं झालं, सुखानं नांदलं.

गेनू मात्र मरेपर्यंत भिंतीकडे तोंड करूनच वाजवत राहिला. चंद्रावळ रोज देवळात जायची. तिला त्याची पाठच दिसायची.

झाली गोष्ट. डोळे पुसा अन् निजा.